प्रिस्का आणि अक्विल्ला : करिंथ शहरातील एक मिशनरी दांपत्य



संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला असेल. वाचायला घेतला तरी नावांची लांबलचक यादी पाहून आपण पान उलटतो. पंधरा अध्याय पाप, कृपा, श्रद्धा आणि तारण यांवर सखोल विवेचन केल्यानंतर पौल एकदम अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा असे लिहू लागतो. लग्नपत्रिकेच्या तळाशी आप्तेष्टांची नावे छापलेली असतात ना, तशीच ही यादी वाटते. पण ज्याच्या घरची पत्रिका असते त्याला प्रत्येक नावामागची हकिकत ठाऊक असते.

या यादीत सलामाचा पहिला मान एका नवरा-बायकोला मिळाला आहे. प्रिस्का आणि अक्विल्ला. ख्रिस्त येशूच्या कार्यात हे दोघे आपले सहकारी आहेत असे पौल सांगतो. आपल्या जीवासाठी त्यांनी स्वतःची मान धोक्यात घातली, आणि त्याबद्दल परराष्ट्रीयांच्या सर्व ख्रिस्तसभा त्यांच्या ऋणी आहेत, असेही लिहितो. शेवटी त्यांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्तसभेलाही तो सलाम पाठवतो (रोम १६:३-५). एवढी मोठी पावती पौलाने फारशी कुणाला दिलेली नाही.

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा झगा घातलेला परदेशी धर्मगुरू किंवा दूरच्या जंगलात दवाखाना चालवणारी धर्मभगिनी येते. नवरा-बायको, तीही व्यापार करून पोट भरणारी, मिशनरी असू शकतात हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी जे उद्बोधन लिहिले, त्यात याच दोघांचा मिशनरी दांपत्य म्हणून नावानिशी उल्लेख आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ७ फेब्रुवारी २००७ रोजीच्या बुधवारच्या भेटीतील शिकवण या जोडप्यावरच दिली. पुनरुत्थानकाळाच्या सहाव्या आठवड्यात त्यांच्याविषयीचा उतारा मिस्सामध्ये वाचला जातो. मात्र तो गुरुवारी येतो, आणि गुरुवारच्या सकाळी मंदिरात किती जण असतात हे आपल्याला माहीत आहे. म्हणून हा पाठ.

नव्या करारात या दोघांची नावे सहा वेळा येतात आणि प्रत्येक वेळी जोडीने येतात. एकट्या अक्विल्लाचा किंवा एकट्या प्रिस्काचा उल्लेख कुठेही नाही. संत लूक प्रेषितांच्या कृत्यांत तिला प्रिस्किल्ला म्हणतो. हे प्रिस्का या नावाचेच लाडके, घरगुती रूप आहे. सहापैकी चार ठिकाणी बायकोचे नाव नवऱ्याच्या आधी आहे. त्या काळच्या रिवाजाला हे सोडून होते. ती वरच्या कुळातली असावी असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. आम्हाला त्याहून साधे कारण पटते : ख्रिस्तसभेच्या कामात जिचा वाटा लोकांना अधिक दिसला, तिचे नाव लोकांच्या तोंडी आधी बसले.

घर सुटले, धंदा सुटला

अक्विल्ला मूळचा पंत प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचा यहुदी. तो रोमला आला, तिथे स्थिरावला. पुढे सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोम सोडून जाण्याचा हुकूम काढला. रोमन चरित्रकार सुएटोनियस यानेही या हकालपट्टीची नोंद केली आहे. कुणा ‘ख्रेस्तुस’मुळे यहुद्यांत सारखे दंगे होत होते असे तो लिहितो. हा ‘ख्रेस्तुस’ म्हणजे आपला ख्रिस्तच असावा, आणि यहुद्यांच्या सभास्थानांत येशूवरून जे वाद पेटले त्यांची ही सरकारी नोंद असावी, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. वर्ष साधारण इ.स. ४९.

हुकूम काढणाऱ्याला एक ओळ पुरते. ज्याच्यावर तो बजावला जातो त्याला दुकान मोडावे लागते, येणी सोडून द्यावी लागतात, बोचके बांधावे लागते. प्रिस्का आणि अक्विल्ला हे पौलाला भेटले ते असे, उठवून लावलेले. ते तेव्हा किती वयाचे होते हे शास्त्र सांगत नाही. त्यांना मुलेबाळे होती की नाही, तेही सांगत नाही. पण स्वतःचा धंदा असलेले हे जोडपे अगदी कोवळ्या वयाचे नसावे. बस्तान बसल्यावर ते मोडून नव्या शहरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे काय असते, हे आपल्यातील ज्यांनी नोकरी-धंद्यासाठी गाव सोडले त्यांना वेगळे सांगायला नको.

ते दोघे करिंथला येण्याआधीच ख्रिस्ती झाले होते का? आम्हाला तसे वाटते. करिंथमध्ये आपण कोणाकोणाला स्नानसंस्कार दिला याची पौल मोजकी नावे देतो : क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचे घराणे (१ करिंथ १:१४-१६). त्यात हे दोघे नाहीत. अखया प्रांतातले पहिले फळ म्हणूनही तो स्तेफनाच्या घराण्याकडेच बोट दाखवतो (१ करिंथ १६:१५). तेव्हा पौल येण्यापूर्वीच या दांपत्याच्या घरी प्रार्थना चालू होती असे मानायला जागा आहे. म्हणजे करिंथमध्ये प्रभूचे नाव आधी पोचले ते या निर्वासितांच्या सामानाबरोबर.

दोन बंदरांचे शहर

करिंथ आजच्या ग्रीस देशात आहे. ग्रीसचा दक्षिण भाग मुख्य भूमीला जोडणारी जमिनीची एक अरुंद पट्टी आहे, सुमारे सहा किलोमीटर रुंद. तिच्या तोंडाशी हे शहर. पश्चिमेला लेखियम बंदर, पूर्वेला किंख्रिया बंदर. इटलीकडचा माल एका बंदरात उतरे, आशियाकडचा दुसऱ्या बंदरात. दक्षिणेचे वादळी टोक वळसा घालून जाण्यापेक्षा लहान जहाजे या पट्टीवरून फरसबंदी वाटेने ओढत नेण्याचीही सोय होती. आज तिथे कालवा आहे, तो १८९३ साली सुरू झाला.

जुने ग्रीक करिंथ रोमन सैन्याने इ.स.पूर्व १४६ मध्ये बेचिराख केले. शंभरएक वर्षे ते ओस पडले होते. इ.स.पूर्व ४४ मध्ये जुलियस सीझरने तिथे नवी वसाहत बसवली आणि मुक्त झालेले गुलाम, कारागीर, व्यापारी आणून वसवले. पौलाच्या काळी या नव्या शहराला जेमतेम शंभर वर्षे होत होती. जुनी खानदाने नव्हती. सगळेच कुठून ना कुठून आलेले, सगळ्यांनाच पुढे जायची घाई. दर दोन वर्षांनी जवळच मोठ्या क्रीडास्पर्धा भरत आणि हजारोंची गर्दी उसळे. इतक्या लोकांना सराया कुठून पुरणार? त्यांना राहुट्या लागत, दुकानांवर छत लागे, व्यापाऱ्यांना मांडव लागत.

आणि अक्विल्ला-प्रिस्काचा धंदा होता तंबू शिवण्याचा. पौलाचाही तोच. पौल अथेन्सहून ऐंशीएक किलोमीटरची वाट करून आला तो एकटाच. सीला आणि तीमथ्य मागे राहिले होते. अथेन्सच्या विद्वानांनी त्याची थट्टा केली होती. आपण करिंथला भीत भीत, थरथरत आलो असे तो स्वतः नंतर लिहितो (१ करिंथ २:३). अशा माणसाला या जोडप्याने आपल्या घरात ठेवून घेतले आणि कामाला बसवले. लूकने हे सारे दोन-तीन ओळींत उरकले आहे (प्रे. कृ. १८:१-३). आपण तिथे जरा रेंगाळू.

गाळा आणि पोटमाळा

पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी करिंथचा बाजारपेठेचा भाग उकरून काढला आहे. तिथले गाळे आपल्या बाजारातल्या गाळ्यांसारखेच होते. रुंदी-खोली साधारण चार मीटरच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा फूट. समोर रस्त्याकडे उघडणारे एक रुंद दार, उजेड काय तो तिथून. आत पाण्याची सोय नाही, संडास नाही. कोपऱ्यात काही दगडी पायऱ्या, त्यांच्यावर लाकडी शिडी, आणि शिडी चढून पोटमाळा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी व्यवस्था. नेमका त्यांचा गाळा कोणता हे कोणीच सांगू शकणार नाही, पण कारागिरांची राहणी अशीच होती. पोटमाळ्यावर नवरा-बायको, आणि खाली कातड्यांच्या गुंडाळ्या व हत्यारांच्या मध्ये अंथरूण टाकून पौल, असे चित्र अभ्यासक रंगवतात.

दिवस उजाडताच दार उघडायचे. त्या काळी दिवा महाग आणि त्याचा उजेड मंद, त्यामुळे काम सूर्याच्या उजेडाबरोबर. पाणी आणायला शहरातल्या पिरेनी झऱ्यावर जायचे. तिथे सगळ्या शहराच्या बायका, गुलाम, पोरेसोरे भेटायची. मग कातडे किंवा बकरीच्या केसांचे जाड कापड पसरायचे, मापून रापीने कापायचे, आरीने भोके पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने दाभण घालून टाके मारायचे. हे काम हातांना घट्टे पाडते, पण त्याचा आवाज होत नाही. लोहाराच्या भात्याजवळ दोन शब्द बोलता येत नाहीत. तंबू शिवणाऱ्याच्या शेजारी बसून तासभर बोलता येते. गिऱ्हाईक माप द्यायला येते, घासाघीस करते, ऊन आहे म्हणून टेकते. शेजारचा गाळेवाला येऊन बसतो. बोलता बोलता विषय निघतो : तुम्ही रोम का सोडलेत? हा येशू कोण?

आमच्या मते करिंथची ख्रिस्तसभा पुष्कळशी या प्रश्नांतून वाढली. शब्बाथवारी पौल सभास्थानात जाऊन वाद घालत असे हे लूक सांगतो. पण आठवड्याला शब्बाथ एक, आणि उरलेले सहा दिवस हे गाळ्याचे.

याच दिवसांत तीमथ्य मासेदोनियाहून आला आणि पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र लिहिले. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे नव्या करारातील सर्वांत आधी लिहिलेले लिखाण आहे. त्यात पौल आपण कुणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस कष्ट केल्याची आठवण करून देतो, आणि वाचकांना शांतपणे आपापले काम आपल्या हातांनी करण्याचा सल्ला देतो (१ थेस्स २:९, ४:११). हे शब्द सांगणाऱ्याच्या बोटांना त्या वेळी मेणाचा वास येत असावा.

हातकामाविषयी त्या जगाचे मत फार हलके होते. सिसेरोसारखा मोठा रोमन विचारवंत आपल्या कर्तव्यावरील ग्रंथात कारागिरांचे सगळे धंदे हीन ठरवतो, कारखान्यात स्वतंत्र माणसाला शोभेल असे काही असूच शकत नाही म्हणतो. योगायोग असा, की ज्या वर्षी सीझरने करिंथ वसवले त्याच वर्षी हा ग्रंथ लिहिला गेला. पुढे दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या विरोधकाने ख्रिस्ती लोकांची टिंगल केली ती हीच : यांचा धर्म पसरतो तो घराघरांतून, लोकर पिंजणारे, चांभार आणि धोबी यांच्या तोंडून. त्याला ही शिवी वाटत होती. वर्णन मात्र त्याने बरोबर केले होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही सिसेरो मोठ्या आदराने शिकलो आणि तो आदर अजूनही आहे, पण या एका बाबतीत प्रिस्काच्या दाभणाने त्याला खोटे पाडले.

बाजारातले मटण आणि रविवारची पंगत

या दांपत्याच्या रोजच्या जीवनात श्रद्धेचे प्रश्न कुठे उभे राहत? स्वयंपाकात. करिंथच्या बाजारात विकले जाणारे मटण पुष्कळदा देवळात बळी दिलेल्या जनावराचे असे. ते घ्यावे की न घ्यावे? कुणी जेवायला बोलावले आणि ताटात वाढले तर? या प्रश्नावरून करिंथच्या ख्रिस्ती लोकांत इतकी भांडणे झाली की पौलाला पुढे आपल्या पत्रात त्यावर अध्याय लिहावे लागले (१ करिंथ ८ आणि १०). प्रिस्काला तो प्रश्न रोज बाजारात पिशवी हातात घेऊन सोडवायचा होता. पाव, ऑलिव्ह, डाळी, खारवलेले मासे यांवर बहुतेक दिवस भागत असतील. मटण हे तसेही गरिबाच्या ताटात सणासुदीलाच येई.

रविवार ही सुट्टी नव्हती. ती सुट्टी सम्राट कॉन्स्टंटाईनने ३२१ साली दिली, म्हणजे पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी. तोवर आठवड्याचा पहिला दिवस हा कामाचाच दिवस. भाकर मोडायला जमायचे ते दिवसभराचे काम आटोपून, दिवे लावून, नाहीतर पहाटे. यावरून करिंथची एक प्रसिद्ध तक्रार आपल्याला नीट उमगते. ज्यांना कामाची घाई नव्हती ते लवकर येऊन जेवून घेत, आणि हमाल, गुलाम, मजूर थकूनभागून पोचत तेव्हा काही उरलेले नसे. पौल त्यावर कडाडतो आणि एकमेकांसाठी थांबा असे बजावतो (१ करिंथ ११:२०-३४). प्रभुभोजनाविषयी आपल्याला मिळालेली सर्वांत जुनी लेखी साक्ष याच भांडणाच्या निमित्ताने लिहिली गेली. उशिरा येणाऱ्या मजुरासाठी भाकर राखून ठेवणे हा पवित्र मिस्साच्या अर्थाचाच भाग आहे, हे पौलाने त्या दिवशी लिहून ठेवले.

करिंथमध्ये या जोडप्याच्या घरी सभा भरे असे शास्त्रात स्पष्ट म्हटलेले नाही. पण पुढे ते आशियातील इफिस शहरात राहिले तेव्हा त्यांच्या घरी ख्रिस्तसभा जमे (१ करिंथ १६:१९), आणि नंतर रोमला परतले तेव्हाही. म्हणजे गाव बदलले तरी ही रीत बदलली नाही. आधी घर लावायचे, मग ते उघडायचे. आजच्यासारखी मंदिरे तेव्हा नव्हती. वेदी नव्हती, घंटा नव्हती. कुणीतरी आपली जागा दिली नाही तर ख्रिस्तसभेला भेटायला ठिकाणच नव्हते. लहानशा घरात दहा-वीस माणसे जमवायची म्हणजे कातड्यांच्या गुंडाळ्या भिंतीला लावायच्या, सामान बाहेर काढायचे, शेजाऱ्यांच्या नजरा सोसायच्या, आणि सगळे गेल्यावर पुन्हा झाडून काढायचे. कुणीतरी हे दर आठवड्याला केले म्हणून आपण आज ख्रिस्ती आहोत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ म्हटले. हे शब्द आपण लग्नाच्या प्रवचनात ऐकतो आणि छान वाटतात. प्रत्यक्षात आपल्या लहान ख्रिस्ती समुदायाची महिन्याची सभा कुणाच्या घरी ठेवायची हा प्रश्न निघाला की काय होते, ते समन्वयकांना विचारा. कुणाच्या घराला रंग द्यायचा असतो, कुणाकडे परीक्षा असते, कुणाचे घर लहान असते. सगळी कारणे खोटी नसतात. पण आपल्याकडे आता मोठी घरे पुष्कळ झाली आहेत आणि त्यांपैकी कित्येकांत दोनच माणसे राहतात. मुले नोकरीनिमित्त दूर गेली, वरचा मजला बंद असतो, दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवर फक्त नाताळात बसले जाते. निवृत्त झालेले अशा घरातले आईबाप आम्हाला विचारतात, फादर, आता आमचा काय उपयोग? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. त्यामागे एकटेपण असते. आमचे उत्तर एवढेच, की प्रिस्का आणि अक्विल्ला यांच्याविषयीचा उतारा दोघांनी मिळून एकदा वाचावा, आणि त्यांच्याजवळ काय होते व आपल्याजवळ काय आहे ते मांडून पाहावे. आपल्या वाडीत, आपल्या इमारतीत भाड्याने राहायला आलेली कुटुंबे आहेत. त्यांतली काही ख्रिस्ती असूनही मंदिरात मागच्या बाकावर बसून निघून जातात, कारण त्यांना कोणी ओळखत नाही. त्यांना एक कप चहाला बोलावण्यासाठी धर्मगुरूची परवानगी लागत नाही.

याच संदर्भात इफिसमधला एक प्रसंग सांगितला पाहिजे. अलेक्झांड्रियाहून अपुल्लो नावाचा फर्डा वक्ता तिथे आला. शास्त्रात निष्णात, बोलण्यात आवेश, पण येशूविषयीचे त्याचे ज्ञान अपुरे, योहानाच्या बाप्तिस्म्यापाशी थांबलेले. या दोघांनी सभास्थानात त्याचे भाषण ऐकले. उठून चूक दाखवली नाही, घरी येताना त्याची निंदाही केली नाही. ते त्याला आपल्याबरोबर घेऊन गेले आणि देवाचा मार्ग त्याला अधिक नीट समजावून सांगितला (प्रे. कृ. १८:२४-२६). लूक इथे प्रिस्किल्लाचे नाव आधी देतो. तंबू शिवणाऱ्या एका बाईकडून एक विद्वान शिकला, आणि पुढे करिंथला जाऊन त्याने मोठे काम केले. आपल्याकडे प्रवचनातली चूक मंदिराच्या पायऱ्यांवर चघळली जाते. फादरांना घरी बोलावून, चार घास वाढून सांगितली तर आम्हीही ऐकू.

मान धोक्यात

हे सगळे वाचून त्यांचे जीवन सुखासमाधानाचे होते असा समज होऊ नये. करिंथमध्ये पौलाला दीड वर्ष मिळाले, पण शेवटी यहुदी पुढाऱ्यांनी त्याला धरून प्रांताधिकारी गल्लियो याच्या न्यायासनापुढे उभे केले. हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेका याचा भाऊ. ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखात त्याचे नाव असल्यामुळे हा काळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरवता येतो, आणि पौलाच्या जीवनातील बाकीच्या तारखा त्यावरून मोजल्या जातात. तो न्यायासनाचा चौथरा करिंथमध्ये आजही पाहायला मिळतो. गल्लियोने खटला उडवून लावला, पण त्याच्या डोळ्यांदेखत जमावाने सोस्थनेसला मारहाण केली आणि त्याने तिकडे लक्ष दिले नाही. आरोपीला घरात ठेवून घेणाऱ्या, त्यातही रोममधून एकदा हाकलल्या गेलेल्या जोडप्याला त्या रात्री झोप लागली असेल का?

त्यांनी पौलासाठी मान धोक्यात घातली ती नेमकी कुठे, करिंथमध्ये की इफिसमध्ये, हे पौल सांगत नाही. आशियात आपण जगण्याची आशाच सोडली होती इतके मोठे संकट आले असे तो लिहितो (२ करिंथ १:८), त्यामुळे पुष्कळांचा कल तिकडे आहे. काय केले हेही कळत नाही. ज्यांना कळायला हवे होते त्यांना ते ठाऊक होते, आणि पौलाने वाच्यता केली नाही.

पौल करिंथहून निघाला तेव्हा हे दोघे किंख्रिया बंदरातून त्याच्याबरोबर जहाजात बसले. इफिसला उतरून त्यांनी पुन्हा दुकान मांडले. क्लौद्य इ.स. ५४ मध्ये मेला, हकालपट्टीचा हुकूम त्याच्याबरोबर संपला, आणि इ.स. ५७ च्या सुमारास पौल रोमकरांस लिहितो तेव्हा ते रोमला परतलेले दिसतात. रोमच्या अव्हेंटाईन टेकडीवर संत प्रिस्काच्या नावाचे एक प्राचीन मंदिर आहे, आणि परंपरा त्याचा संबंध या जोडप्याच्या घराशी जोडते. रोमच्या हुतात्मा-संतसूचीत दोघांचा स्मृतिदिन ८ जुलै हा आहे. तोही एकत्र.

हिशेब केला तर रोमहून करिंथ, करिंथहून इफिस, इफिसहून परत रोम, आणि त्यानंतर पुन्हा एकदा इफिस. कारण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ते परत तिकडेच असल्याचे दिसते. हे पत्र परंपरेने पौलाच्या अखेरच्या बंदिवासातले मानले जाते. म्हणजे पहिल्या भेटीला पंधराहून अधिक वर्षे लोटलेली. अक्विल्लाचे केस पांढरे झाले असतील, प्रिस्काला दोरा ओवायला उजेडात जावे लागत असेल. साथीदार एकेक करून सोडून गेले आहेत अशी पौलाची तक्रार आहे. त्रोवस येथे एकाच्या घरी राहिलेला आपला झगा आणि पुस्तके घेऊन ये, आणि हिवाळ्याच्या आत ये, असे तो तीमथ्याला विनवतो. मग सलाम सांगायला सुरुवात करतो. पहिली दोन नावे तीच आहेत, आणि प्रिस्काचे आधी आहे (२ तीमथ्य ४:१९).